एका कानाचं पार्सल

मित्रांनो, माझ्या दोऱ्याला पुठ्ठ्याची एक चिठ्ठी बांधलेली आहे. तिच्यावर लिहिलंय, 'मुद्देमाल, नग सात'. माझं खरं नाव मात्र दाभण. सुई तुम्ही पाहिली असेल. ती सदऱ्याची बटणं लावते आणि गावभर मिरवते. मी तिची थोरली बहीण. पोती शिवणारी, काळीसावळी, वीतभर लांब आणि टोकाशी जराशी वाकलेली. मी जुनी आहे, हे सांगायला मला लाज वाटत नाही. लाज वाटावी असं एकच काम माझ्या हातून झालं, तेही सांगणारच आहे. टोचून बोलले तर राग मानू नका, जन्माची खोड आहे.

सध्या माझा मुक्काम बेळगावच्या एका पोलीस ठाण्यात, मुद्देमालाच्या खोलीत आहे. अर्धवट शिवलेल्या एका पार्सलात मी टोचलेली आहे. डावीकडे एक लॅपटॉप आहे आणि उजवीकडे एक महागडा मोबाइल. दोघंही मुके झालेत, पण ऐट काही गेलेली नाही. ही गावंढळ दाभण आपल्या शेजारी कशाला, असं त्यांना वाटत असेल. अरे बाबांनो, तुम्ही इथं आलात ते कुणामुळं?

माझा जन्म निपाणीचा. तंबाखूच्या वखारीसमोरच्या लोहारानं मला एका गजातून घडवलं, ठोकलं आणि पाणी दिलं. तिथून मी जोतिराम हमालाच्या हातात गेले. काय दिवस होते ते! सकाळी वखारीचं दार उघडलं की तंबाखूचा खकाणा नाकात जाऊन अख्खी आळी शिंकायची. भरलेल्या पोत्यांची रांग लागायची आणि जोतिराम सुतळी दातात धरून बसायचा. पोतं शिवण्यात त्याचा हात धरणारा सगळ्या निपाणीत कुणी नव्हता. त्याच्या अंगठ्याच्या दाबानं माझ्या टोकाला बाक आला. लोहारानं मला सरळ केलं होतं, पण शहाणं केलं ते जोतिरामानं.

त्याची एक पद्धत होती. पोत्याचं तोंड शिवून झालं की दोन्ही कोपऱ्यांना तो कापड मुडपून, वर दोरा गुंडाळून, उभे कान करायचा. उचलणाऱ्याला धरायला बरे पडायचे. त्याची लेक अंबू शेजारी बसून बघायची. तो तिला म्हणायचा, "शिवणाऱ्यानं उचलणाऱ्याचा इचार करावा, पोरी. कान न्हाई ते पोतं मुकं जनावर. त्याला धरायचं कुठं?"

अंबूचं लग्न ठरलं बेळगावजवळच्या वडगावच्या विणकराशी. पाठवणीच्या वेळी जोतिरामानं मला एका चिंधीत गुंडाळून तिच्या बोचक्यात घातलं. बायका हसल्या. लेकीला कुणी दाभण देतं का? तो म्हणाला, "भांडी फुटत्यात, लुगडी फाटत्यात. ही काय मोडायची न्हाई." मी त्याचा शब्द पाळला आहे. अजून मोडलेले नाही.

अंबूबाईचा नवरा किशन हातमागावर साड्या विणायचा. मला मागाच्या शेजारी भिंतीत टोचून ठेवलं होतं. दिवसभर मागाचा खटखटाट, रंगीत सुताच्या लडी आणि मधूनच किशनची शीळ. मला काम नव्हतं, तरी तक्रारही नव्हती. पुढं किशनच्या छातीनं दगा दिला आणि तो गेला. माग बंद पडला. एक दिवस अंबूबाईनं मला भिंतीतून उपसलं, मांजरपाटाच्या जाड्याभरड्या कापडाचा तागा काखेत मारला आणि ती टपाल कचेरीच्या कंपाउंडाला पाठ लावून, एका मोडक्या छत्रीच्या सावलीत जाऊन बसली. पार्सलं शिवून द्यायचं काम तिनं धरलं.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातले सोन्याचे दिवस ते हेच. तेव्हा पार्सल म्हणजे कापडात शिवलेली वस्तू. आया लाडवांचे डबे घेऊन यायच्या, पोरं काश्मिरात, नाहीतर राजस्थानात फौजेत. कुणी बाळंतिणीला डिंक धाडायचं, कुणी पुण्याला शिकणाऱ्या लेकीला मसाला. डबा ठेवायचा, कापड ओढायचं, आणि मी सपासप आत-बाहेर करायची. शेवटी दोन कोपऱ्यांना दोन कान. आतले टपालवाले लांबूनच ओळखायचे, "हे अंबूबाईचं पार्सल." मला तर वाटायचं, देशभर माझे ससे पळताहेत.

बापानं तिला उचलणाऱ्याचा विचार शिकवला होता. उघडणाऱ्याचा विचार ती आपला आपण शिकली. साडी धाडायची असली की ती म्हणायची, "साडी बाईच्या अंगावर जाणार. तिला ओटीबिगर कशी धाडायची?" मग साडीची घडी जराशी उघडायची आणि हळद लावलेले तांदळाचे पाच दाणे आत ठेवायचे. त्याचे वेगळे पैसे नाहीत आणि कुणाला विचारणंही नाही. कुठल्या तरी परगावी कुणी तरी साडी उलगडेल, पाच पिवळे दाणे मांडीवर पडतील आणि तिला माहेर आठवेल, एवढाच तिचा हिशेब.

मग चिकटपट्टी आली. तिच्यामागून प्लास्टिकच्या पिशव्या आल्या, जिभेनं पाकीट चिकटवावं तशा चिकटणाऱ्या. कुरियरवाल्यांची दुकानं निघाली. आया म्हणू लागल्या, "अंबूबाई, वेळ न्हाई गं." दोन-दोन दिवस एक पार्सल येईना. शेवटी तिनं छत्री मिटली आणि मला मागाच्या रिकाम्या कांड्यांच्या डब्यात टाकलं. तिथं मी गंजले. गंज अंगाला लागतो त्याचं एवढं नाही हो, कुणी आठवणच काढत नाही त्याचं दुःख जास्त.

अशात एके दिवशी स्वरूप आला. स्वरूप हा अंबूबाईच्या दिराचा मुलगा, पंचविशीतला, कॉम्प्युटर शिकलेला. बेळगावला दोन नोकऱ्या करून सोडलेला. अंबूबाईला स्वतःचं मूल नव्हतं. स्वरूप तिच्याच ताटात जेवून मोठा झाला होता. तो उंबऱ्यात उभा राहून म्हणाला, "काकू, तुझी ती दाभण हाय का गं अजून?"

एवढ्या वर्षांनी कुणी मला नाव घेऊन विचारलं! अंबूबाईनं डबा पालथा केला, मला राखेनं घासलं, खोबरेल लावलं. स्वरूप सांगत होता, "वडगावच्या साड्या मी ऑनलाइन इकतोय. लोकान्ला कापडात शिवलेलं पार्सल लई आवडतंय. आज्जीनं नातीला धाडल्यागत वाटतंय त्यास्नी." अंबूबाईचे डोळे भरून आले. तिनं पुन्हा छत्री उघडली.

मग दर मंगळवारी स्वरूप साड्यांचा गठ्ठा घेऊन येऊ लागला. तो मोबाइलमधून पत्ते मोठ्यानं वाचायचा आणि कापडावर मार्करनं लिहायचा. अंबूबाई घडी उघडून दाणे ठेवायची आणि मग मी चालायची. पार्सलं मात्र तो इथल्या खिडकीवर देत नसे. मोटारसायकलला बांधून कधी उद्यमबागेच्या टपाल कचेरीत न्यायचा, कधी खानापूरला, कधी निपाणीला. एकदा घडी उघडताना तिच्या बोटांना एक लहानशी पुडी लागली. "हे काय रं?"

"औषध असतंय काकू. कापडाला ओल धरू नये म्हणून. हात नको लावू."

वडगावात साडीच्या घडीत डांबराच्या गोळ्या ठेवायची रीतच आहे. अंबूबाईला नवल वाटलं नाही. तिनं पुडीच्या शेजारीच पाच दाणे ठेवले. आणि मी? जगाला टोचणारी मी, त्या घडीत एकदाही शिरले नाही. वरच्या वर कापड शिवत राहिले आणि कौतुकानं फुगत राहिले.

असं वर्षभर चाललं. आषाढ लागला. छत्रीवर प्लास्टिकचा कागद बांधून अंबूबाई बसली होती. शुक्रवार होता. साध्या सलवार-कमीजमधली तिशीतली एक बाई समोर येऊन बसली. तिनं एक फोटो पुढं केला. "आक्का, हे पार्सल कुणी शिवलंय, सांगशील काय?"

अंबूबाईनं फोटो डोळ्यांजवळ नेला आणि तिचा चेहरा उजळला. "कुणी म्हंजे? माझंच हाय की! कान बघ की गं. असले कान कोण करतंय आता? टाका बघ कसा, एकासारखा एक. मशीनला जमंल व्हय?"

अहो, तिला थांबवायला मला तोंड असतं तर! पण खरं सांगते, मीही तेव्हा फुशारून गेले होते.

ती बाई हसली नाही. हळूच म्हणाली, "मला ओळखलंस न्हाई व्हय? मी खानापूरची, सुभेदारांची तेजस्वी. आईसंगं लाडवाचा डबा घिऊन यायची. तू मला दोऱ्याचं टोक धरायला देत हुतीस."

"अगं बया! तेजू!" अंबूबाईनं तिच्या गालावरनं हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. "केवढी झालीस गं! काय करतीस आता?"

"पोलिसात हाय, आक्का. सायबर ठाण्याला सब-इन्स्पेक्टर."

मग तेजस्वीनं सांगायला घेतलं आणि अंबूबाईचा हात हळूहळू खाली आला. तेजस्वी म्हणाली, "निपाणीच्या बाजारात इकणाऱ्याचं तोंड तरी दिसतंय, व्हय का न्हाई? इंटरनेटच्या मागल्या अंगाला एक बाजार भरतोय, त्याला डार्क वेब म्हणत्यात. तिथं दुकानाला पाटी असती, पर दुकानदाराला नाव न्हाई आन् गाव न्हाई. पैसंबी डोळ्याला दिसत न्हाईत. तिथं नशेच्या गोळ्या इकत्यात, आक्का. आमच्या लोकांनी गिऱ्हाईक बनून एक पार्सल मागवलं. आत साडी, साडीत गोळ्यांची पुडी, आन् पुडीशेजारी पाच दाणे तांदूळ."

अंबूबाईनं फोटो पालथा करून मांडीवर ठेवला.

"बेंगळुरूच्या सायबांना वाटलं, दाणे म्हंजे काय तरी खूण असणार. तपासायला प्रयोगशाळेत धाडलं. पंधरा दिसांनी कागद आला, तांदूळ साधा, हळद लावलेला." तेजस्वीला आता जरासं हसू आलं आणि लगेच मावळलं. "मी फोटो बघितला आन् म्हटलं, ही तर ओटी हाय. मग कान बघितले. तवा माझ्या काळजाचं पाणी झालं."

मित्रांनो, मोठमोठ्या यंत्रांना त्या दुकानदाराचा माग लागला नव्हता. तो लागला जोतिरामाच्या दोन कानांनी. एरवी याचा मला केवढा अभिमान वाटला असता!

पण तेजस्वीचं बोलणं संपलं नव्हतं. "त्या दुकानाला तिथं लई नाव हाय, आक्का. गिऱ्हाईकं एकमेकाला लिवत्यात, तांदूळ असंल तरच माल खरा. भाग्यलक्ष्मी म्हणून एक पोरगी हाय, एकोणीस वर्षांची, कॉलेजच्या वसतिगृहात राहणारी. परीक्षेचा ताण आला म्हणून कुणी तरी तिला ह्या गोळ्या सांगितल्या. आता दवाखान्यात हाय. आईला ओळखत न्हाई. खाटंखाली तुझं पार्सल घावलं. साडी तिनं टाकून दिलती, पर ते पाच दाणे टाकले नव्हते. कंपासच्या डबीत ठेवलेवते."

अंबूबाईनं पदर तोंडात कोंबला.

"कोण आणून देतंय तुला साड्या?" तेजस्वीनं विचारलं.

अंबूबाई छत्रीवरचा कागद ओढून नीट करू लागली.

"आक्का, वरचं सायेब म्हणत्यात, शिवणारीला आधी उचला. मी म्हटलं, मला जरा मुदत द्या. मंगळवारपतोर दिलीया. मंगळवारी नाव न्हाई आलं तर तुला हिंडलग्याच्या तुरुंगात जावं लागंल. आन् तो दुसऱ्या कुणाकडनं तरी शिवून घील, त्यो काय थांबणार न्हाई. तुझ्या पाया पडते, त्याला सावध मातुर करू नको."

"मंगळवारी सांगते," एवढंच अंबूबाई म्हणाली.

दोन दिवस तिनं मला हात लावला नाही. चूल पेटवली नाही. रविवारी उठली, मला पिशवीत टाकलं आणि दिराच्या घराकडं चालू लागली. मला कळून चुकलं, ही त्याला सावध करायला निघाली आहे. तुम्ही तिला नावं ठेवू नका. ज्याला आपल्या हातानं घास भरवला त्याला पोलिसांच्या हाती द्यायचं म्हणजे काय, हे ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

तिथं स्वरूपच्या आईनं, मालुबाईनं, तिला बळंच जेवायला बसवलं. "वयनी, सुकलीस गं. आमच्या स्वरूपचं आता बरं चाललंय बघ. दोन घास जास्त खा." स्वरूप माडीवरून खाली आला आणि तिच्या शेजारी बसला. ती त्याच्याकडं बघत राहिली. तिला वाटत होतं, यानं आपण होऊन सांगावं. एकदा म्हणावं, काकू, माझं चुकलंय. तिनं त्याला तशी वाट करून दिली.

"स्वरूप, कोण नेसतं रं ह्या साड्या?"

"नवऱ्या नेसत्यात की काकू. लगीनसराई हाय न्हवं? मागणी लई हाय."

अंबूबाईचा हात ताटातच राहिला. आषाढात लगीनसराई? आपल्याकडं आषाढात कुणी मुलगी बघायलासुद्धा जात नाही. विणकराच्या घरात जन्मलेल्या पोराला साडी कधी खपते आणि कधी नाही हे दुधाच्या दातांपासून ठाऊक असतं. त्याचा आजा तर आषाढात माग पुसून तेल घालून ठेवायचा. हा आषाढ विसरला, म्हणजे साडी याच्या डोक्यात उरलीच नव्हती. खोटंसुद्धा त्याला नीट आठवून बोलता आलं नाही.

"बरं," अंबूबाई म्हणाली. तिनं हात धुतला, मालुबाईच्या डोक्यावरनं हात फिरवला आणि उठली. घरी न जाता ती थेट तेजस्वीकडं गेली. तिनं स्वरूपचं नाव सांगितलं.

मंगळवार उजाडला. तेजस्वीनं समजावलं होतं, नुसती पार्सलं सापडून उपयोग नाही. तो बाजार त्याच्या मोबाइलमध्ये आहे आणि मोबाइल मिटला की कुलूप लागतं. तो हातात उघडा असतानाच धरला पाहिजे. तो उघडा कधी असतो, हे अंबूबाईला ठाऊक होतं. पत्ते वाचताना! तेजस्वी लाडवाचा डबा घेऊन गिऱ्हाइकासारखी मागं उभी राहिली. रवळू हवालदार पैरणीवर टोपी घालून, कुणाची तरी मनिऑर्डर करायला आल्यागत भिंतीला टेकला.

स्वरूप आला. गठ्ठा ठेवला, मोबाइल काढला आणि पहिला पत्ता वाचू लागला. अंबूबाईनं मला दोरा ओवला आणि शिवायला घेतलं. आज तिनं घडी उघडली नाही. पहिला कान झाला. माझं टोक दुसऱ्या कोपऱ्याकडं वळलं, तेवढ्यात स्वरूपचं लक्ष गेलं.

"काकू, दाणे घातलीस न्हाई?"

"न्हाई घालत आज."

"घाल की गं!"

"कशाला रं? औषध ठेवलाईस न्हवं आत?"

"घाल म्हणतोय न्हवं! गिऱ्हाईकं तांदूळ बघून माल घेत्यात!"

बोलून गेला. अंबूबाईनं मान वर करून त्याच्याकडं पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत काय होतं कुणास ठाऊक, त्याचा चेहरा पांढराफटक पडला. काकूला सगळं कळलंय, हे त्याला त्याच क्षणी उमगलं. त्याचं बोट मोबाइल मिटायला वळलं, पण तेजस्वीनं लाडवाचा डबा तिथंच टाकून त्याचं मनगट धरलं होतं. रवळूनं मोबाइल अलगद काढून घेतला. उघडाच.

लाडू चिखलात गडगडले. अंबूबाईच्या हातातून ते पार्सल सुटलं आणि मी त्यातच अडकून राहिले. पुढं पंचनामा झाला, पुड्या निघाल्या, माझ्या दोऱ्याला चिठ्ठी बांधली गेली. तेव्हापासून मी इथं आहे.

बाहेरचं मला रवळू सांगतो. मुद्देमालाची किल्ली त्याच्याकडं असते. तो भला माणूस, जेवणाची सुट्टी झाली की एकटाच आमच्याशी बोलत बसतो. स्वरूप आता हिंडलग्याला आहे. त्याच्या माडीवरचा लॅपटॉप माझ्या शेजारी येऊन पडला आणि तो बाजारातला गाळा कायमचा बंद झाला. "एक बंद केला की चार उघडत्यात गं बाई," असंही रवळू मला म्हणाला. मालुबाईनं अंबूबाईच्या दारावरून जाणं सोडलं.

गेल्या महिन्यात मला कोर्टात नेलं. केवढी उजळले होते मी! अंबूबाई दिसणार होती. ती आली, पण केवढीशी झाली होती! स्वरूपच्या वकिलानं तिला उभं-आडवं घेतलं. त्याचं म्हणणं एकच, ही म्हातारी भोळी नाही, ही भागीदार आहे. हिलाही आरोपीच करा.

"घडी तुम्ही उघडत होता ना?"

"व्हय."

"मग पुड्या दिसायच्या ना?"

"दिसल्या. इचारलं. औषध म्हणाला. मी इश्वास ठिवला. ती चूक माझी, लिवा."

"म्हणजे माहीत होतं!"

अंबूबाईनं कठड्यावर दोन्ही हात ठेवले. ती वकिलाशी बोललीच नाही. न्यायाधीशांकडं वळून म्हणाली, "सायेब, त्या समद्या पार्सलात माझे पाच-पाच दाणे हाईत. माहीत असतं तर घातले असते व्हय? तुमीच सांगा, इखाला कोण ओटी भरतंय?"

न्यायाधीशांनी मला आणि माझं पार्सल मागवलं. कारकुनानं साडी झटकली. एकही दाणा पडला नाही. मग ओळख पटवायला पार्सल अंबूबाईच्या हातात दिलं. तिचा अंगठा माझ्या बाकावर जाऊन बसला, जोतिरामाचा बसायचा तिथंच. तिचा हात आपसूक दुसऱ्या कोपऱ्याकडं वळला, कापड मुडपायला लागला, आणि थांबला.

"ही माझीच दाभण," ती म्हणाली. "ह्याला एकच कान हाय बघा. दुसरा मी केला न्हाई. कळल्यावर ह्यात एक दाणाबी घातला न्हाई."

न्यायाधीशांनी लिहून घेतलं. अंबूबाई साक्षीदारच राहील, असं त्यांनी वकिलाला स्पष्ट सांगितलं. ती कठड्यावरून उतरली. स्वरूप पोलिसांच्या मध्ये मान खाली घालून उभा होता. त्याच्यासमोरून जाताना ती थांबली.

"जेवलास का रं?" तिनं विचारलं.

कारकून तिच्यावर ओरडला, आरोपीशी बोलायचं नसतं म्हणून. स्वरूपनं मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून, ते त्याच्या रडण्यात कळलं नाही.

मित्रांनो, खटला अजून चालू आहे, आणि तोवर माझी सुटका नाही. अंबूबाईनं बाजारातून नवी दाभण आणली आहे. ती सरळसोट आहे म्हणे, अजून शिकायची आहे. आता कुणी काही शिवायला आणलं की अंबूबाई आधी म्हणते, "उघड. बघू दे." जो उघडत नाही त्याचं ती शिवत नाही, मग तो घरचा असो की दारचा. भाग्यलक्ष्मी आता आईला हाक मारते, असं तेजस्वीनं सांगितल्यावर तिनं दाणे पुन्हा घालायला सुरुवात केली. पण घडी पूर्ण उलगडून, झटकून, मगच.

तुम्हाला उपदेश करायला मी काही गुरुजी नाही. पण माझं एवढं ऐका. कुणाच्याही सांगण्यावरून काही बांधू नका, पोचवू नका, तोंडात घालू नका. आधी उघडा आणि बघा. माणूस आपला असला तर दोनदा विचारा, कारण परक्याला आपण विचारतोच. आणि कुणी मायेनं तुमच्या पार्सलात पाच दाणे ठेवले, तर ते कुठल्या मालाच्या खुणेला वापरू नका हो. तेवढं एक सगळ्यांत वाईट.

रवळू अधूनमधून मला तेल लावतो, त्यामुळं गंजलेले नाही. दोरा अजून माझ्या नेढ्यात आहे. ह्या पार्सलाचा दुसरा कान कधीच होऊ नये, हीच माझी इच्छा आहे. पण तेजस्वीचे लाडू माझ्या डोळ्यांदेखत चिखलात गेले आहेत. खटला संपू दे, मला सोडवायला अंबूबाई येऊ दे. मग एक नवा डबा भरून आणा आणि थोडा मांजरपाट आणा. दोन्ही कान मी उभे करून देते.